उचल म्हणजे वेठ!

निडी आणि पेण-रोह्यातील ग्रामस्थांनो,

दिवाळी सरली की कातकरीवाड्या ओस पडतात. म्हातारी माणसं मागे राहतात, पोरंसोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. आपण म्हणतो, “गरीब बिचारे, पोटासाठी जातात.” हे म्हणणं अपुरं आहे आणि त्यामुळे अन्याय झाकला जातो.

भर पावसात घरात दाणा नसतो, पोर तापानं फणफणतं, तेव्हा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दारात येतो. तेवढ्या पैशांवर नवरा-बायकोची जोडी अख्ख्या हंगामासाठी बांधली जाते. भट्टीवर खर्चीपुरते पैसे मिळतात, हिशेब मालकाच्या वहीत राहतो. पावसाच्या तोंडावर ऐकवलं जातं, “अजून फिटली नाही, पुढच्या साली या.”

सरकारदरबारी गरिबी म्हणजे आकडा. पिवळ्या रेशनकार्डासाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा लावली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साली देशाच्या ग्रामीण भागासाठी माणशी महिना ८१६ रुपये खर्चाची रेषा निघाली. हा माणूस उद्या भट्टी सोडून दुसरीकडे मजुरीला जाऊ शकतो का, हे यातल्या कुठल्या आकड्यात दिसतं? अंत्योदयाचं ३५ किलो धान्य हवंच, पण त्यानं उचल फिटत नाही. आणि जो सुटू शकत नाही, त्याला ‘आळशी’, ‘दारुडा’ म्हणणाऱ्यांनी एक हंगाम भट्टीवर माती तुडवून पाहावी.

उचलीपायी असं बांधलं जाण्याला कायद्यात नाव आहे: वेठबिगारी. १९७६ च्या निर्मूलन कायद्यानं अशी कर्जं रद्द झाली आहेत. ती फेडायची नाहीत. कर्ज वेठीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं सावकारावर टाकली आहे. वेठीला लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ सालीच सांगितलं.

म्हणून आमची मागणी: जिल्हाधिकारी आणि प्रांतांनी हंगाम सुरू होण्याआधी वाडीवाडीत उचलीची नोंद करावी. भट्ट्यांवर जाऊन मजुरांचे जबाब मालक-मुकादमाला बाजूला ठेवून घ्यावेत आणि वेठ आढळेल तिथे जागेवरच मुक्तीचे दाखले द्यावेत. या कायद्याखालच्या दक्षता समितीची बैठक कधी झाली, तिथे काय ठरलं, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे.

ग्रामस्थांनो, येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. वाडीवरच्या बायामाणसांना सोबत घेऊन या, त्यांना आधी बोलू द्या.