ट्रंकेतली शाल आणि डांबराच्या गोळ्या

हवेत गारवा जाणवू लागला की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि डांबराच्या गोळ्यांचा ओळखीचा दर्प घरभर पसरतो. पुष्कळांना तो स्वच्छतेचा वास वाटतो. वस्तुतः तो नॅफ्थलीन या विषारी द्रव्याचा वास आहे. गोळी न वितळता थेट वायुरूप होत जाते आणि तो वायू किड्यांप्रमाणे आपल्याही श्वासात जातो.

‘कसर’ या एका शब्दात आपण दोन निराळे जीव कोंबतो. चंदेरी, बिनपंखी, सरपटणारा किडा कागद आणि खळ खातो. लोकर खाणारी मात्र एका लहान पतंगाची अळी. भिंतीच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी दिसते आणि थोड्या वेळाने ती सरकू लागते. तीही याच कुळातील अळीची. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पतंग बहुधा निरपराध असतात, कारण कपड्यांचा पतंग अंधार शोधतो आणि प्रौढावस्थेत तो काही खातही नाही. खाते ती अळी. निव्वळ लोकरीवर तिचे नीट पोषण होत नाही. घामाचा, तेलाचा, आमटीचा डाग तिला हवा असतो. ‘एकदाच तर पांघरली’ म्हणून शाल न धुता घडी करून ठेवणे म्हणजे कसरीला आवतणच!

म्हणून खरा उपाय ठेवणीपूर्वीचा आहे. कपडा धुवावा, पूर्ण वाळवावा, घड्या व शिवणी ब्रशने झाडाव्यात म्हणजे अंडी गळून पडतात, आणि मग घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा. लोकर उन्हात पसरावी. पैठणीला मात्र सावलीतली हवाच द्यावी, उन्हाने रंग उडतो. कसर लागलेली कानटोपी किंवा मफलर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये (उणे १८ अंश) ठेवल्यास अळी व अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर कपड्याला दमटपणा येतो. वेखंडाचे तुकडे जरूर ठेवावेत. मात्र कपड्यात शिरलेली अळी त्यांनी मरेल, अशी आशा धरू नये. आणि ट्रंक काढण्यासाठी ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये. कसरीने शाल जाईल, पडल्याने खुबा मोडेल.

गोळ्यांचा धोका दोन वयांना अधिक. वार्धक्यात घ्राणशक्ती मंदावते. वास येईनासा झाला म्हणून आजोबा आणखी मूठभर गोळ्या टाकतात. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती त्या पांढऱ्या गोळ्या पेपरमिंट समजून तोंडात टाकू शकते. दुसरे वय तान्ह्या बाळाचे. काहींच्या रक्तपेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असते, आणि घरात ते कुणाला ठाऊकही नसते. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेल्या आजीच्या मऊ शालीत गुंडाळले, तर तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. माया शालीत असते, हे खरे. पण बाळासाठी ती शाल नकोच.

गोळी गिळली गेल्यास उलटी करवू नये. दूध, तूप, तेल देऊ नये. स्निग्ध पदार्थांनी विष अधिक शोषले जाते. वेष्टन सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. त्या वेळी माणूस ठणठणीत दिसला तरी एक ते तीन दिवसांनी लघवी काळसर होणे, चेहरा फिकट पडणे, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे उमटू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये.

घरात आधीपासून असलेल्या गोळ्या चिमट्याने उचलून, बंद डब्यात घालून मुलांच्या हाताबाहेर ठेवाव्यात. मोरीत टाकू नयेत. मोठ्यांचे त्या वासाचे स्वेटर, मफलर काही दिवस गॅलरीत वाऱ्यावर टांगावेत, मग धुवावेत, आणि वास पुरता गेल्यावरच अंगात घालावेत. वास गेला की नाही, हे घरातल्या एखाद्या तरुण नाकाला विचारावे.