एका दाराशी दोन पहारेकरी

१९ जुलै २०२४ रोजी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अपडेट जगभर पोहोचले होते आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते. रक्षणासाठी नेमलेल्यानेच घर पाडावे, तसा हा प्रकार. पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, शिरला की त्याची चूक साऱ्या यंत्राची चूक ठरते. लिनक्सच्या कर्नलमध्ये एकाहून अधिक सुरक्षा मॉड्यूल एकत्र नांदवावीत की नाही, या दीर्घकाळ रेंगाळलेल्या वादाकडे याच पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० च्या अखेरीस एसईलिनक्स खुले केले. मात्र लिनस टोरवाल्ड्स यांनी कोणतीही एक पद्धत कर्नलवर लादण्यास नकार दिला आणि सर्वांना वापरता येईल असा समान सांगाडा मागितला. डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीत तो आला. पुढे स्मॅक, तोमोयो, ॲपआर्मर हीही मॉड्यूल त्यात बसली. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनवर एसईलिनक्सचा पहारा असतो, तर उबुंटूवर चालणाऱ्या सर्व्हरवर ॲपआर्मरचा. या मॉड्यूलांना परवानगी देण्याचा अधिकार नाही. नेहमीची तपासणी पार पडल्यावर ती फक्त नकार देऊ शकतात. मग दोघांना एकत्र बसवणे सोपे असायला हवे, कारण एकाने जरी 'नाही' म्हटले तरी विषय संपला!

अडचण नकाराची नव्हतीच, ती ओळखीची होती. ही मोठी मॉड्यूल प्रत्येक प्रक्रियेला आपापली ओळख देतात, पण ती नोंदवायला कर्नलमध्ये जागा एकाच मॉड्यूलपुरती होती. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार आणि कूळ यांचे रकाने वेगळे असतात, म्हणून निदान वाद तरी मांडता येतो. इथे रकानाच एक. २०१९ मधील ५.१ या आवृत्तीने बरीचशी जागा वाटून दिली आणि तोमोयो एसईलिनक्सच्या शेजारी बसू शकले. नेटवर्कवरील पॅकेटवर मात्र आजही ३२ बिटांची एकच खूण मावते. ती वाढवायला नेटवर्क विभागाचे सांभाळकर्ते राजी नाहीत, आणि त्यांचे म्हणणे अनाठायी नाही: प्रत्येक पॅकेटवर वाढलेला भार एसईलिनक्सचे नावही न ऐकलेल्या माणसाने का सोसावा?

केसी शॉफलर यांनी या कामाला दहा वर्षांहून अधिक काळ दिला आहे. हा सारा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर कंटेनरमध्ये आहे. एका सर्व्हरवर अनेकांचे कंटेनर चालतात आणि कर्नल सर्वांचा एकच असतो. घरमालकाकडे एसईलिनक्स असेल, तर उबुंटूचा कंटेनर घेऊन आलेल्या भाडेकरूला आपला ॲपआर्मर दाराबाहेर ठेवावा लागतो. सेवा बँकेची असो वा सरकारी खात्याची, तिचे अंतर्गत नियम मग कागदावरच उरतात.

तरीही मोठी मॉड्यूल एकमेकांवर रचण्याची घाई मला पटत नाही. दोन स्वतंत्र धोरणे एकाच वेळी समजून चालवणारे प्रशासक थोडेच असतात. काही अडले की पहिला उपाय म्हणून पहाराच बंद केला जातो, हे या व्यवसायातील उघड गुपित आहे. त्यापेक्षा २०२१ मध्ये ५.१३ या आवृत्तीत आलेल्या लँडलॉकची वाट अधिक शहाणपणाची वाटते. तिथे एखादा साधा प्रोग्रॅम प्रशासकाच्या परवानगीविना स्वतःवरच बंधने घालून घेतो, आणि असे छोटे मॉड्यूल मोठ्याच्या सोबतीने आजही चालते.

मार्च २०२४ मधील ६.८ या आवृत्तीने कोणती मॉड्यूल चालू आहेत हे विचारण्याची नवी सोय दिली. जानेवारी २०२५ मधील ६.१३ ने अंतर्गत नोंदींत एकाहून अधिक ओळखींना वाव केला. पॅकेटवरचा तो एक रकाना मात्र अजून तसाच आहे, आणि एसईलिनक्स, ॲपआर्मर, स्मॅक यांपैकी एकाचीच निवड करावी लागते.