स्वभावाला औषध नसतं?



गेल्या काही आठवड्यांत डोंबिवलीच्या आमच्या वाचनगटाने ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' पुन्हा वाचायला घेतली. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन भरलेल्या या गावात वाचणाऱ्या बायकांची वाण कधीच नव्हती. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्या, दुपारची कामं उरकून वाचणाऱ्या, अशा सगळ्याच जणी चर्चेत होत्या. बोलणं सुरू झालं ते पात्रांच्या स्वभावांवरून. यमू सोशिक, रघुनाथराव प्रेमळ, शंकरमामंजी पाताळयंत्री, दुर्गी बिचारी! शाळेत 'स्वभावचित्रण करा' या प्रश्नाची उत्तरं लिहून आपल्याला ही सवयच जडलेली असते. एक विशेषण चिकटवलं की माणूस कळला.

पण एवढ्याने यमू कळते का?

१८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः आली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. लहानपणीची यमू सोशिक नाही. तिची नजर चौकस आहे, घरातल्या मोठ्यांचं वागणं ती बारकाईने टिपते. सासरी गेल्यावर ती गप्प राहायला शिकते. नवऱ्याबरोबर मुंबईला बिऱ्हाड केल्यावर तीच मुलगी फुलते, वाचते, बरोबरीच्या बायकांमध्ये मोकळेपणाने बोलते. आणि नवरा गेल्यावर तिच्याच घरात तिचं बळजबरीने केशवपन होतं. या सगळ्यात यमूचा स्वभाव किती बदलला? बदलली ती तिची जागा. ज्याला आपण सोशिकपणा म्हणतो, तो बहुधा दुसरी वाट नसण्याला दिलेलं गोड नाव असतं.

चर्चेत एक मैत्रीण म्हणाली, "रघुनाथरावांसारखा नवरा प्रत्येकीला मिळो." खरी मेख इथेच आहे. रघुनाथराव चांगले आहेत यात शंका नाही. पण यमूचं सगळं सुख त्या एका माणसाच्या चांगुलपणावर उभं होतं. तो माणूस गेला आणि पायाखालची जमीनच गेली. एकत्र कुटुंबातल्या विधवेला त्या काळी पोटगीपलीकडे हक्क नव्हता. हिश्श्याची तरतूद झाली १९३७ च्या कायद्याने, तीही हयातीपुरती. पूर्ण मालकी मिळाली ती १९५६ साली. चांगला नवरा हे नशीब झालं, हक्क नव्हे.

शंकरमामंजींचंही तसंच. ते कपटी आहेतच. पण कपटी माणसं सगळ्याच काळात असतात. त्यांच्या कपटाला धार आली, कारण रूढी त्यांच्या बाजूची होती. यमूचा दादा शिकलेला, बहिणीवर जीव टाकणारा. त्यालाही तिला वाचवता आलं नाही. एका भल्या माणसाची माया तिथे अपुरी पडते.

याच काळात पुस्तकाबाहेर काय घडत होतं पाहा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. तिथे शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. गोदूबाई यमूपेक्षा खंबीर होत्या, असं म्हणून हा विषय मिटत नाही. गोदूबाईंना जायला एक दार होतं, यमूला नव्हतं.

समुपदेशनाच्या कामात 'स्वभाव' हा शब्द रोज कानावर पडतो. "त्याचा स्वभाव जरा तापट आहे हो, बाकी माणूस चांगला." हा तापटपणा ऑफिसात साहेबांपुढे कधी उसळत नाही, घरी बायकोपुढेच उसळतो. म्हणजे तो स्वभाव नाही, ते धाडस आहे, आणि कुठे खपून जातं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सुनेलाही सल्ला मिळतो, "तू जरा स्वभाव बदल." स्वभावाला औषध नाही ही म्हण मात्र नेमकी त्याच्यासाठी राखून ठेवलेली!

औषध आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याने, घर कोणाच्याही नावावर असो, बाईला त्यात राहण्याचा हक्क दिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गावातल्या माणसांचे स्वभाव एका रात्रीत पालटले, असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या बाईला कुंकू पुसायचं नाही, तिच्या पाठीशी आता एक कागद आहे. यमूच्या हातात तेवढाही नव्हता.

म्हणून कादंबऱ्या वाचायच्या नाहीत, पात्रांवर भांडायचं नाही, असं मुळीच नाही. भांडूच या! फक्त पात्राला विशेषण देण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहू: घर कोणाचं? पैसा कोणाच्या हातात? आणि तिने उद्या निघायचं ठरवलं, तर तिला कुठलं दार उघडं आहे? तुमच्या आवडीच्या कादंबरीतल्या एका बाईला हे प्रश्न लावा आणि काय हाती लागलं ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकातली पानं त्यासाठी राखून ठेवतो आहोत. मग हेच प्रश्न शेजारच्या घराला लावून पाहा. आपल्यालाही लावायला हरकत नाही.