नमुना प्रत

"बाई, पुण्याला येता का? एका मोठ्या कंपनीचा मेळावा आहे, आम्हा प्रोग्रॅमर लोकांसाठी. फुकट आहे, जेवणही आहे." दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असं विचारलं आणि मी गेले. पंचाहत्तरीच्या बाईचं तिथे काय काम? पण नवं काही दिसलं की डोकवायची माझी जुनी खोड!

हा मुलगा सांगलीकडचा. गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी त्याने मोबाईलचं ॲप केलं होतं. किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, दहा दिवसांचं बिल किती झालं, सगळं शेतकऱ्याला मराठीत दिसायचं.

मेळावा मोठ्या हॉटेलात. आत शिरताच टी-शर्ट, पिशवी, गळ्यात नावाची पट्टी. भाषणं इंग्रजीत. मला निम्मं कळलं, पण "पुढचे शंभर कोटी" हे शब्द वारंवार कानावर आले. जून महिन्यात आम्ही पट भरायला घरोघरी फिरायचो, त्याची आठवण झाली. शेवटी कंपनीने सांगितलं, पहिलं वर्ष आमची सेवा फुकट. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

वर्ष संपलं आणि बिल डॉलरमध्ये यायला लागलं. दुसरीकडे जावं तर सगळं काम त्यांच्याच खास साधनांवर उभं केलेलं, म्हणजे पुन्हा पायापासून बांधायचं. गेल्या महिन्यात त्याने ॲप बंद केलं. केंद्रावर पुन्हा वही आली. पोरगा म्हणाला, "चूक माझीच बाई, मी विचारलंच नाही."

मला हे ऐकून शाळेतले दिवस आठवले. शाळा उघडली की प्रकाशकांची माणसं गाईडांच्या नमुना प्रती घेऊन यायची. गोड बोलायची, शिक्षकांना प्रत फुकट द्यायची. विकत कोण घ्यायचं? आमची पोरं! पण खरं सांगायचं तर त्या प्रतींतली काही पुस्तकं चांगली असायची, मीही त्यांतून शिकले. प्रत घेण्यात पाप नव्हतं. प्रत मिळाली म्हणून वर्गावर ते गाईड लादण्यात होतं.

ही एकट्या आपल्याकडची गोष्ट नाही. फेसबुकने २०१३ साली पार्स नावाची कंपनी विकत घेतली. ॲपची माहिती साठवण्याची ही सेवा. २०१४ पासून नव्या उद्योगांसाठीच्या मदत योजनेतूनही ती देऊ केली गेली. जानेवारी २०१७ मध्ये ती बंद झाली. वर्षभर आधी सूचना दिली आणि स्वतः चालवता येईल अशी खुली आवृत्तीही दिली, हे मान्य. पण बिऱ्हाड हलवायची मेहनत ज्याची त्यालाच करावी लागली.

उलट उदाहरण केनियाचं. निवडणुकीनंतर तिथे दंगली उसळल्या, तेव्हा जानेवारी २००८ मध्ये तिथल्याच काही ब्लॉग लिहिणाऱ्यांनी आणि प्रोग्रॅमरांनी 'उशाहिदी' तयार केलं. कुठे काय घडतंय ते लोकांनी कळवायचं आणि ते नकाशावर दिसायचं. पुढे २०१० च्या हैतीच्या भूकंपातही ते वापरलं गेलं. त्याच वर्षी नैरोबीत 'आयहब' ही एकत्र बसून काम करायची जागा सुरू झाली. मोठ्या कंपन्या तिथेही आल्या, पण गरज आधी त्यांची स्वतःची होती.

म्हणून मेळाव्यांना जाऊच नये असं मी म्हणणार नाही. जेवणाच्या रांगेत आमच्या मुलाला कोल्हापूरचा एक मुलगा भेटला. तोही दुधाचंच काम करणारा. आता दोघं मिळून नव्याने लिहितायत, या वेळी कुठेही हलवता येईल असं. सगळ्या मेळाव्यातून खरं हाती लागलं ते एवढंच, आणि ते काही कमी नाही.

फक्त टाळ्या वाजवण्याआधी हात वर करून तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या वर्षी किती पैसे? माझी माहिती मला परत कशी नेता येईल? सेवा बंद केलीत तर मुदत किती द्याल?

वर्गात प्रश्न विचारणाऱ्या पोराला आम्ही फार वेळा गप्प बसवलं. "चूक माझीच" असं तो म्हणाला तेव्हा मला तेच टोचलं. असो. टी-शर्ट मात्र छान आहे, मी तो झाडांना पाणी घालताना वापरते.