गळ, मासा आणि बक्षीस

मुलांनो, नाशिकजवळच्या गंगापूर धरणासारख्या जलाशयाकाठी गळ टाकून बसणे हा अनेकांचा छंद असतो. मुंबईच्या पवई तलावावर तर अशा हौशी लोकांची संघटनाच आहे.

या छंदाच्या स्पर्धा भरवाव्यात का? स्पर्धेमुळे धीर धरण्याची सवय लागते आणि पाण्याची, माशांची ओळख होते. पण बक्षीस बहुधा सर्वांत वजनदार माशाला मिळते. मोठी मादी जास्त अंडी घालते. तिलाच मारले, तर पुढे मासे कोठून येतील? कोळ्याचे पोट कसे भरेल?

म्हणून मला वाटते, स्पर्धा घ्यावी. पण पावसाळ्यात नको. तेव्हा रोहू, कटला अंडी घालतात. मासा मोजावा आणि ओल्या हातांनी लगेच पाण्यात सोडावा. कोळ्याला मासा घरी न्यावाच लागतो. आपली हौस मात्र तो न मारताही भागते.