शाळेच्या हळदीकुंकवाला कोण येत नाही?

संक्रांत आली की गावोगावच्या शाळांत माता-पालक मेळावे भरतात. बाया जमाव्यात म्हणून मेळाव्याला हळदीकुंकवाची जोड देतात. वाण वाटलं जातं, उखाणे होतात, मग मुख्याध्यापक मुलींच्या शिक्षणावर चार शब्द बोलतात. हेतू चांगलाच असतो. पण वर्गातली एखादी मुलगी मेळाव्याची चिठ्ठी घरी देतच नाही. तिच्या वडिलांनी गेल्या पावसाळ्यात जीव दिलेला असतो. आई येणार नाही, आलीच तर मागे कोपऱ्यात उभी राहील, हे त्या दहा वर्षांच्या पोरीला कुणी न सांगता कळलेलं असतं.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पुष्कळ बोललं गेलं. कापसाचा भाव, कर्ज, सिंचन या चर्चा व्हायलाच हव्यात. पण मागे राहिलेली बाई आणि तिची मुलं त्या चर्चेत येतात ती ‘आत्महत्याग्रस्त कुटुंब’ एवढ्याच नावाने. प्रकरण पात्र ठरलं तर कुटुंबाला सरकारकडून १ लाख रुपये मिळतात. पात्र कोण? ज्याचा सातबारा आणि कर्जाचे कागद जुळतात तो. त्यासाठी चौकशीला माणसं येतात. तो पीत होता का, घरात भांडणं होती का, असं विचारतात, तेही मुलांच्या देखत. मूल रात्री झोपतं का, हे कुणी विचारत नाही.

मुलांचं दुःख मोठ्यांसारखं दिसत नाही. कुणाचं रोज पोट दुखतं, कुणी वर्गात पेंगतं, कुणी विनाकारण मारामारी करतं. तेराव्याला आलेले पाहुणे मुलाला सांगून जातात, ‘आता तूच घरचा कर्ता.’ मुलगी कापूस वेचणीला आईबरोबर जाऊ लागते. हळूहळू शाळेच्या पटावर तिचं नुसतं नाव उरतं, आणि मग एक दिवस तिच्या लग्नाची बोलणी कानावर येतात.

हे सगळं आधी कुणाच्या लक्षात येतं? शिक्षकांच्या. मूल रोज जिथे जातं आणि जिथे जायला अर्ज करावा लागत नाही, अशी गावात शाळाच आहे. म्हणून आम्हांला वाटतं, अशा घरात पहिलं पाऊल शाळेचं पडावं. मात्र शाळेने एकट्याने जाऊ नये. वर्गशिक्षिकेसोबत आशाताई असावी, बचत गटातली एखादी बाई असावी आणि शक्य तिथे याच वाटेवरून गेलेली दुसरी एकल स्त्री असावी. तिला त्या आईची स्थिती समजावून सांगावी लागत नाही.

काम काय करायचं? मूल शाळेत परतण्याआधी घरी जायचं. वर्गात काय सांगायचं आणि काय नाही, हे त्या मुलालाच विचारायचं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळू शकतात. त्याला लागणारा शाळेचा दाखला आईला खेपा न घालायला लावता द्यायचा आणि अर्ज सोबत बसून भरायचा. मुलगी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात उभं राहायचं. पोळ्याच्या, परीक्षेच्या दिवसांत विशेष लक्ष ठेवायचं. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं, तर ते लहान आहे म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. त्याला एकटं न सोडता डॉक्टरांकडे न्यायचं. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. ‘आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची कन्या’ असं ध्वनिक्षेपकावर पुकारून मुलीला व्यासपीठावर सायकल द्यायची नाही. सायकल तिला हवीच आहे, पण ती घरी नेऊन देता येते.

शिक्षक म्हणतील, आधीच जनगणना, निवडणुका आणि माहितीचे तक्ते, त्यात हेही आम्हीच करायचं? तक्रार खरी आहे. शिक्षकांना समुपदेशक करा, असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी पाहावं, आणि इतरांना हाक मारावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं ठरवून दिलं आहे. या समितीत एकल आईला जागा द्या. ती आली की बाकीचे प्रश्न आपोआप टेबलावर येतील.

गावाला सोबत घ्यायचं म्हणताना भाबडेपणाही नको. हेच गाव विधवेला अपशकुनी म्हणतं, आणि हाच भाऊबंद तिचं नाव सातबाऱ्यावर चढू देत नाही. मुलाला आधार आणि आईला अवहेलना, हे एकत्र चालायचं नाही. आईची मान खाली असेल तर मूल सावरणार कसं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव गावाने करायचा, पण मुलांच्या डोळ्यांसमोर तो शाळेने पाळायचा.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या संक्रांतीला आपल्या गावच्या शाळेत जा. माता-पालक मेळावा जरूर भरवा, तिळगूळ वाटा, पण हळदीकुंकू वगळा. आणि जी आई कधीच आली नाही, तिच्या घरी चिठ्ठी न पाठवता आपण स्वतः बोलावणं करायला जा.