‘मो’ अक्षरावरचं नाव

गेल्या आठवड्यात रोह्याहून भाचीचा फोन आला. लग्न होऊन पुण्याला गेलेली ही मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मुलगा झाला, बारसं तोंडावर आलं. गुरुजींनी पत्रिका मांडून सांगितलं, पूर्वा फाल्गुनीचं पहिलं चरण, म्हणजे अक्षर ‘मो’.

‘‘मामा, मोहित आणि मोक्ष आमच्या सोसायटीतच आहेत. मला कुणाचंच नसेल असं नाव हवंय. प्राचीन इजिप्तमधलं मिळालं तर फारच छान. तू एवढं वाचतोस, शोध ना!’’

मी म्हटलं, ‘‘मोझेस.’’

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘‘मामा, ते तर ख्रिश्चन नाव ना?’’

या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं. शिवाय त्या उत्तराचा शेवट तिच्या रोह्याशी आणि माझ्या पेणशी येऊन जुळतो, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

1822 सालचा सप्टेंबर महिना. फ्रान्समधल्या जाँ-फ्रांस्वा शाँपोलियाँ या एकतीस वर्षांच्या अभ्यासकासमोर इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या देवळातून उतरवून आणलेली चित्रलिपी होती. लांबट कड्यात कोरलेलं राजाचं नाव. सुरुवातीला सूर्याचं वाटोळं बिंब, शेवटी ‘स’ दोनदा, आणि मध्ये एक विचित्र चिन्ह: खोकडाची तीन कातडी वर एकत्र बांधून खाली सोडावीत तसं. सूर्य म्हणजे ‘रा’, हे त्याला कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या पुढच्या काळातल्या, भाषेवरून माहीत होतं. मधलं चिन्ह त्याला रोझेटा शिळेवर राजाच्या जन्मदिवसाचा उल्लेख येतो तिथे दिसलं, आणि कॉप्टिकमध्ये ‘मिसे’ म्हणजे जन्म देणं. धागा जुळला. रा, मेस, स, स. रामसेस! ‘रा’ देवानं ज्याला जन्म दिला तो. दुसऱ्या एका कड्यात सूर्याच्या जागी थोथ देवाचा पक्षी होता आणि पुढे तीच तीन कातडी. ते नाव निघालं थोथमोस. शेकडो वर्षं मुकी पडलेली लिपी बोलू लागली ती बाळाच्या जन्माच्या शब्दावरून.

आपल्याला हा शब्द समजायला अवघड नाही, कारण त्याच कामाचं एक अक्षर मराठी रोज वापरते. पंकजमधला ‘ज’, जलजमधला ‘ज’, आत्मजामधला ‘जा’. चिखलात जन्मलं ते पंकज, पाण्यात जन्मलं ते जलज. इजिप्तचा ‘मोस’ किंवा ‘मेस’ हा असाच ‘ज’. त्याच्या आधी देवाचं नाव लावायचं की झालं नाव तयार. आता आधीचा देव काढून टाका. नुसतं ‘मोसे’ उरतं. जन्मलेला. पोर.

बहुतेक अभ्यासक मोझेस या नावाचं मूळ इथेच मानतात. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात फारोच्या मुलीला नदीकाठच्या लव्हाळ्यात टोपलीत ठेवलेलं बाळ सापडतं. ती त्याला वाढवते आणि त्याचं नाव मोशे ठेवते. पाण्यातून ओढून काढलं म्हणून मोशे, अशी हिब्रू क्रियापदावरून केलेली फोड तिथे दिलेली आहे, आणि ती श्रद्धेनं जपली गेली. पण इजिप्तच्या राजवाड्यातली राजकन्या नाव ठेवील ते तिच्या स्वतःच्या भाषेतलं, हा विचार मनाला पटतो. आईबापांचा पत्ता नाही, कुळ माहीत नाही. अशा बाळाला तिनं हाक मारली असेल ती एवढीच: पोरा.

हे नाव आमच्या मुलखात कसं आलं, ते सांगायला पेणहून रोह्याची गाडी पकडावी लागेल. कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. या पट्ट्यात आणि इथून अलिबाग, रेवदंडा, मुरूडपर्यंतच्या गावांत बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू समाज, पिढ्यान्‌पिढ्या राहिला. दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, अशी या समाजाची परंपरा सांगते. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला बैल, घाण्यात तीळ नाहीतर खोबरं. शनिवारी मात्र घाणा थांबायचा, बैलाच्या मानेवरचं जू उतरायचं, घरातली चूल पेटायची नाही. का, ते शेजाऱ्यांना कळत नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही. गावानं त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’.

त्यांनी आडनावं घेतली ती गावांची. पेणकर, रोहेकर, कुंडलिका नदीपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर, राजपूरकर, दिवेकर. नावं मात्र बायबलमधली, पण कोकणात घोळून मऊ झालेली. सॅम्युएलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी आणि मोझेसचा मुसाजी. बायकांची नावं तर पुष्कळदा शेजारणींसारखीच मराठी. मुलीला पाळण्यात घालून नाव ठेवायची आपली रीतही या घरांत रुजली. त्यांच्या मलिद्यात गोड पोहे आणि खोबरं असतं. पोह्यांच्या पेणमध्ये वाढलेल्या माणसाला त्या ताटाची ओळख करून द्यावी लागत नाही.

मुसाजी! या एका हाकेत केवढा प्रवास आहे. ‘मुसा’ नाईलच्या काठचा, ‘जी’ आपल्या मातीतला. रामसेसच्या दगडी कड्यातली ती तीन कातडी कुंडलिकेच्या खाडीवर येऊन मराठी झाली आणि जेवायला बोलावताना, बैल आणायला धाडताना, उधारी मागताना कुणाच्या ना कुणाच्या तोंडी राहिली.

या समाजानं इजिप्तची आठवणही मराठीतच जपली. वल्हांडण सणाच्या रात्री, मोशेनं आपल्या लोकांना मिसर देशातल्या गुलामीतून सोडवल्याची कथा घरोघर वाचतात. त्या वाचनाचं ‘हगादा’ हे पुस्तक 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापलं गेलं. त्यातलं एक चित्र विसरता येत नाही. बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका, आणि त्यांच्या अंगावर लुगडी. पुस्तक काढणाऱ्या दोघांची नावं होती मोझेस आणि आरोन, म्हणजे गोष्टीतल्या भावांचीच जोडी. पुढे समाजानं कीर्तनाची परंपरा उचलली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतले नावाजलेले कीर्तनकार. अब्राहम आणि योसेफ यांची आख्यानं मराठी कीर्तनात रंगली. मिसरात विकल्या गेलेल्या त्या योसेफाचं नाव पेणच्या आडनावाला लागून मुंबईच्या रंगभूमीवरही गाजलं. 1931 चा पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावर उभा राहिला, ते जोसेफ डेव्हिड म्हणजे जोसेफ डेव्हिड पेणकर.

मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना डॉ. ई. मोझेस रोडची पाटी दिसते. रायगडातून नोकरीला गेलेल्या हजारो माणसांनी ती बसच्या खिडकीतून वाचली असेल. डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले. त्याच 1937 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकरांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला बेने इस्रायलांचा इतिहास तेल अवीवमध्ये छापून निघाला. कुठलं किहीम, कुठलं तेल अवीव!

तेव्हा भाचीला सांगायचं होतं ते हे, की नाव दुर्मीळ नाहीच. अरबीत ते मूसा आहे, आणि कुराणात नावानं सर्वाधिक उल्लेख असलेला माणूस तोच. इस्रायलमध्ये मोशे, स्पेनमध्ये मोइसेस. दुर्मीळ झाली ती राजांची नावं. रामसेस दुसरा सहासष्ट वर्षं राज्य करून गेला, थोथमोसांनी साम्राज्य वाढवलं. त्यांची पूर्ण, देवासकटची नावं दगडावर राहिली. पाळण्यात राहिलं ते अर्धं नाव, नदीत सापडलेल्या पोराचं. कारण ते हाका मारणाऱ्यांनी सोबत नेलं.

मोशेनं इजिप्त सोडलं, पण नाव इजिप्तचंच राहिलं. मला यातली खरी गोष्ट ही वाटते. माणूस गाव सोडतो, नाव त्याचं गाव सोडत नाही. 1948 नंतर बेने इस्रायल समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. पेणमध्ये त्यांचं प्रार्थनास्थळ, बेथ हाएलोहिम, म्हणजे देवाचं घर, आजही आहे, पण आळीतली हाक थांबली. तिकडे मात्र त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, आणि तिकडे जन्मलेल्या, पेणची भोगावती नदी कधीही न पाहिलेल्या एखाद्या पोराच्या शाळेच्या दाखल्यावर ‘पेणकर’ लिहिलेलं असतं. त्या पोराच्या नावात आपलं गाव राहतं. पेण-रोह्याच्या शाळांतून मुलांना हे सांगायला हवं. आपल्या गावांची नावं इतक्या दूर कुणीतरी अभिमानानं लावतं, हे आपल्या मुलांना ठाऊक नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रविवारी बारसं झालं. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, घुगऱ्या वाटल्या. त्याआधी माजघरात मी भाचीला ही सगळी गोष्ट सांगितली होती. तिनं ती नीट ऐकली आणि विचारलं, ‘‘म्हणजे मामा, जे नाव सोबत नेलं तेच टिकलं?’’ मी हो म्हटलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दोघांचं काही ठरलं असावं.

आत्या पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. मोहन. भाचीच्या आजोबांचं नाव, अक्षर ‘मो’. माझी बहीण सुपात घुगऱ्या घेऊन उभी होती. सासऱ्यांचं नाव गेली कित्येक वर्षं तिनं तोंडानं उच्चारलं नव्हतं. ती पाळण्याशी आली, दोरी हातात घेतली आणि पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाली, ‘‘मोहन, ए मोहन.’’

पुढच्या महिन्यात बाळ पुण्याला जाईल.